भाषण फिरतं, उत्तर अडतं: संसदेत सरकारला प्रश्न विचारण्याचं तंत्र

अधिवेशन सुरू झालं की विरोधी पक्षनेत्याच्या भाषणांच्या चित्रफिती फोनवर फिरू लागतात. आवाज चढलेला, समोरच्या बाकांवरचे अर्धे खासदार उभे, वर अध्यक्षांचं 'बैठिए, बैठिए' चाललेलं. त्या भाषणात प्रश्नचिन्हं खंडीभर असतात, पण त्यातल्या एकाचंही उत्तर द्यायला सरकार बांधील नसतं. सरकारला बांधून घेतो तो प्रश्न दिसायला अगदी निरस असतो. दीडशे शब्दांच्या आत, (क), (ख), (ग) असे तुकडे पाडलेला, पंधरा दिवस आधी नोटीस देऊन विचारलेला. त्याची चित्रफीत कोणी पाहत नाही. मंत्रालयात मात्र त्याच्यासाठी रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात.

प्रश्न कसा विचारला यावर काय हाती लागतं, हे २०२०च्या पावसाळी अधिवेशनाइतकं स्वच्छ क्वचितच दिसलं असेल. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असा प्रश्न लोकसभेत श्रम मंत्रालयाला गेला. १४ सप्टेंबरला लेखी उत्तर आलं की अशी आकडेवारी उपलब्ध नाही. नुकसानभरपाई दिली का, या पुढच्या भागाला उत्तर होतं: वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाला विचारलं गेलं, ते फक्त श्रमिक विशेष गाड्यांमधल्या मृत्यूंबद्दल. रेल्वेने राज्यांच्या पोलिसांकडच्या माहितीवरून आकडा दिला: ९ सप्टेंबरपर्यंत ९७. सरकार तेच, आठवडा तोच. पहिला प्रश्न सगळ्या देशातल्या रस्त्यांवर पसरलेला होता, त्यामुळे 'नोंद नाही' म्हणणं सोपं गेलं. दुसरा प्रश्न एका मंत्रालयाच्या ताब्यातल्या गाड्यांपुरता होता, आणि गाडीत माणूस दगावला की पोलिसांत नोंद होतेच. विचारणाऱ्याने आधी नोंद कुठे असते ते शोधलं आणि मग प्रश्न लिहिला.

आता विरोधी पक्षनेत्याच्या हातात नेमकं काय असतं ते पाहू, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. १९७७च्या कायद्याने या पदाला वेतन आणि वैधानिक दर्जा मिळाला. तेव्हा लोकसभेत हे पद यशवंतराव चव्हाणांकडे होतं. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे, एवढीच कायद्यातली व्याख्या आहे. दहा टक्के जागांची अट त्यात नाही. ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळापासून चालत आलेल्या संकेतातून आणि अध्यक्षांच्या निदेशांतून येते. तिच्यापायी २०१४मध्ये ४४ आणि २०१९मध्ये ५२ जागा मिळालेल्या काँग्रेसला हे पद मिळालं नाही. दहा वर्षं खुर्ची रिकामी राहिली आणि २०२४मध्ये राहुल गांधींच्या रूपाने भरली.

पद मिळालं म्हणून प्रश्नोत्तराच्या तासात खास हक्क मिळतो का? नाही. ब्रिटनमध्ये दर बुधवारी दुपारी बाराला पंतप्रधान अर्धा तास उभे राहतात आणि विरोधी पक्षनेत्याला सलग सहा प्रश्न मिळतात. आपल्याकडे तसं काही नाही. विरोधी पक्षनेत्याची नोटीसही बाकीच्या खासदारांच्या नोटिशींबरोबर सोडतीत जाते. चिठ्ठी निघाली तर प्रश्न लागला. पंतप्रधानांकडच्या खात्यांचा दिवस लोकसभेत बुधवार असतो, पण तिथे उत्तराला बहुधा राज्यमंत्री उभे राहतात. नेत्याला मिळतं ते संकेताने: तो उभा राहिला की अध्यक्ष सहसा त्याला बोलू देतात, पुरवणी प्रश्नात, म्हणजे मंत्र्याच्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारायच्या उपप्रश्नात, त्याला आधी बोलावतात, मोठ्या चर्चेची सुरुवात त्याच्याकडून होते. 'सहसा' हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण माईक चालू होतो तो अध्यक्षांनी नाव पुकारल्यावर. चर्चेतला वेळ कामकाज सल्लागार समिती पक्षांच्या संख्याबळावरून वाटते, आणि नेता तासभर बोलला तर तो तास त्याच्याच पक्षाच्या वाट्यातून जातो. मागच्या बाकांवरचा पहिल्या खेपेचा खासदार मग दोन मिनिटांवर येतो.

म्हणून ज्या नेत्याला खरोखर सरकारला अडचणीत आणायचं आहे, तो एकट्याने प्रश्न विचारत नाही, सगळ्या बाकांकडून विचारून घेतो. लोकसभेत एका खासदाराला एका दिवसासाठी पाच नोटिसा देता येतात, तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे) आणि अतारांकित मिळून. तारांकित यादीत दिवसाला २० प्रश्न लागतात, राज्यसभेत १५. एका खासदाराचा दिवसाला एकच तारांकित प्रश्न घेतात. अतारांकित लोकसभेत २३०, त्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात, सोमवार ते शुक्रवार, आणि त्या त्या दिवशी त्या त्या गटालाच विचारता येतं. नोटीस किमान पंधरा पूर्ण दिवस आधीची लागते, नोटीस दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस सोडून. कालच्या घटनेवर आज प्रश्न लागत नाही तो यामुळे.

यादीतला क्रमांक सगळ्यात मोलाचा. तासाभरात तोंडी उत्तरं चार-सहा प्रश्नांनाच मिळतात. २७ नोव्हेंबर २०१९ला लोकसभेने वीसच्या वीस तारांकित प्रश्न घेतले, तर ती बातमी झाली, कारण तसं १९७२नंतर पहिल्यांदाच घडलं होतं. तेराव्या क्रमांकावरचा प्रश्न म्हणजे कागदावर तारांकित, प्रत्यक्षात अतारांकित. त्यामुळे एकाच विषयावर पक्षाच्या पंधरा-वीस खासदारांनी नोटिसा द्यायच्या. मात्र शब्दन् शब्द तोच मजकूर असेल तर त्या एकत्र जोडल्या जातात आणि सोडतीतल्या संधी वाढत नाहीत. विषय एक ठेवून बाजू वेगवेगळ्या घ्याव्या लागतात: एकाने निधी विचारायचा, दुसऱ्याने मुदत, तिसऱ्याने तपासणी. यातला एकही पहिल्या पाचात आला तरी काम झालं. उरलेले अतारांकितमध्ये गेले तर त्यांची लेखी उत्तरं पुढच्या हल्ल्याची सामग्री होतात. हे समन्वयाचं काम नेत्याच्या कार्यालयाने अधिवेशनाचं समन्स निघाल्या दिवशीच हाती घ्यायचं असतं. बहुतेक कार्यालयं ते पहिला आठवडा गेल्यावर घेतात.

मसुद्याकडे वळू. लोकसभेच्या नियम ४१मध्ये अटींची लांबलचक यादी आहे. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा विशेषणं नकोत. मत विचारायचं नाही, काल्पनिक परिस्थिती मांडायची नाही. न्यायालयात चालू असलेला विषय, संसदीय समितीपुढचा विषय, मंत्रिमंडळातली चर्चा, मंत्र्याच्या अखत्यारीत नसलेली बाब, सहज उपलब्ध दस्तऐवजांत मिळणारी माहिती, आधी उत्तर दिलेला प्रश्न, हे सगळं बाद. प्रश्न स्वीकारायचा की नाही, यावर अध्यक्षांचा निर्णय अखेरचा. विरोधकांची तक्रार असते की गैरसोयीचे प्रश्न मुद्दाम गाळले जातात. तसं होतही असेल, पण गाळायला निमित्त देणारे मसुदेही ढिगाने येतात.

उदाहरण म्हणून पीकविमा घेऊ. रागाने लिहिलेला मसुदा असा असतो: 'विमा कंपन्यांना पाठीशी घालून सरकार शेतकऱ्यांना वाऱ्यावर सोडत आहे, हे खरे आहे काय?' यात आरोपही आला आणि अनुमानही. स्वीकारला जाणार नाही, आणि चुकून स्वीकारला गेलाच तर उत्तर एका शब्दाचं: नाही. आता हाच विषय असा लिहून बघा:

(क) प्रधानमंत्री पीकविमा योजनेत मागील तीन वर्षांत मंजूर, अदा व प्रलंबित दाव्यांची रक्कम राज्यनिहाय, हंगामनिहाय व कंपनीनिहाय किती;
(ख) प्रलंबित रकमेपैकी विहित मुदत उलटलेली रक्कम किती, आणि विलंबाची कारणनिहाय विभागणी काय;
(ग) विलंबाबद्दल कंपन्यांना लागू असलेल्या १२ टक्के व्याजापोटी प्रत्येक कंपनीवर आकारलेली व प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम किती;
(घ) हप्त्याच्या अनुदानातला केंद्राचा हिस्सा प्रत्येक राज्यासाठी कोणत्या तारखांना वितरित झाला?

यात एकही विशेषण नाही, आणि एकेका भागामागे कारण आहे. मंजूर, अदा आणि प्रलंबित हे तीन शब्द वेगळे मागितले नाहीत तर मंत्रालय 'निकाली काढलेले दावे' असा एकच गोळा आकडा देतं, आणि पैसे खात्यात गेले की नाही ते कळत नाही. (ख) कारण विचारतो, कारण पीकविम्याचे पैसे अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: राज्याने अनुदानाचा हिस्सा वेळेत भरला नाही, पीक कापणी प्रयोगांचे आकडे उशिरा आले, किंवा खात्याच्या तपशिलात चूक निघाली. (ग) सगळ्यात टोकदार. नियमात दंडव्याज आहे, मग ते घेतलं का? त्यातही 'आकारलेली' आणि 'वसूल झालेली' हे वेगळं विचारायलाच हवं. (घ) मुद्दाम केंद्राच्या हिश्श्याबद्दल आहे, म्हणजे 'शेती हा राज्याचा विषय' म्हणून हात झटकता येत नाहीत.

उत्तरातल्या पळवाटा मोजक्या आणि ठरीव आहेत. त्या आधीच माहीत असतील तर मसुद्यातच बुजवता येतात.

सगळ्यात जुनी पळवाट 'प्रश्न उद्भवत नाही' ही. ती प्रश्नकर्ताच उघडी ठेवतो. '(क) अमुक घडले हे खरे आहे काय. (ख) असल्यास, तपशील काय. (ग) त्यावर कोणती कारवाई केली' असं लिहिलं की (क)ला 'नाही' म्हटल्याबरोबर पुढचे दोन्ही भाग गळून पडतात. साखळी घालूच नये. प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहावा.

दुसरी, '(क) ते (घ)' अशी मोट बांधून दिलेलं एकत्रित उत्तर. चारही भागांवर मिळून दीड पान मजकूर येतो, त्यात योजना कधी सुरू झाली, तिची उद्दिष्टं काय, पोर्टल किती छान आहे, सगळं असतं. विचारलेला आकडा तेवढा नसतो. प्रत्येक भागात वेगळ्या जातीची माहिती मागितली, एकात रक्कम, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात संख्या, की मोट बांधणं अवघड जातं.

तिसरी पळवाट राज्यांच्या खांद्यावरून येते. २० जुलै २०२१ला राज्यसभेत ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल विचारलं गेलं. लेखी उत्तर आलं की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं विशेषत्वाने कळवलेलं नाही. देशभर संताप उसळला. पण उत्तराची रचना बघा: मृत्यू झाले नाहीत असं त्यात म्हटलेलंच नाही, कळवले गेले नाहीत असं म्हटलंय. यापुढचा प्रश्न मृत्यूंच्या संख्येचा असून उपयोग नव्हता. राज्यांकडून माहिती मागवताना केंद्राने ठरवलेल्या नमुन्यात ऑक्सिजन तुटवड्याचा रकाना होता का, आणि नसल्यास तो नमुना कोणी व कोणत्या तारखेला मंजूर केला, असं विचारायला हवं होतं. तो कागद केंद्राचा, त्याची जबाबदारीही केंद्राची.

'माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही' ही चौथी. तिच्यावरचा उतारा २०२०च्या रेल्वेच्या उत्तरात दिसलाच. राष्ट्रीय सुरक्षा आणि न्यायप्रविष्ट विषय या भिंती मात्र खऱ्या आहेत. त्यांच्यावर डोकं आपटण्यापेक्षा बाजूने खर्च, निविदा, तारखा आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप विचारावेत.

आकडे आणायचे कुठून? सर्वांत भक्कम स्रोत म्हणजे सरकारची स्वतःची जुनी उत्तरं. दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. त्यानंतर महालेखापरीक्षकांचे अहवाल, स्थायी समित्यांचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल, अर्थसंकल्पाचे खंड, आणि माहिती अधिकारात मिळालेले कागद. वर्तमानपत्राचं कात्रण शेवटी. मंत्री 'बातमी चुकीची आहे' म्हणू शकतो, 'माझ्याच मंत्रालयाने मार्चमध्ये दिलेलं उत्तर चुकीचं आहे' असं म्हणताना त्याची अडचण होते. दोन मंत्रालयांच्या उत्तरांत विसंगती सापडली तर ती जपून ठेवावी आणि पुरवणीतच बाहेर काढावी. मूळ प्रश्नात टाकली तर मंत्रालयाला पंधरा दिवस मिळतात जुळवाजुळव करायला.

आणि पुरवणी प्रश्न हीच खरी लढाई. तारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर सभागृह सुरू होण्याच्या थोडं आधी हाती येतं. मंत्री उभा राहून म्हणतो, 'निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे', आणि तिथून तो उघडा पडतो. मूळ उत्तर अधिकाऱ्यांचं असतं. पुरवणीला त्यालाच बोलावं लागतं. अधिकारी दीर्घेत बसून चिठ्ठ्या पाठवतात, पण चिठ्ठी यायला वेळ लागतो. ज्याच्या नावावर प्रश्न आहे त्याला दोन पुरवण्या मिळतात, नंतर अध्यक्ष इतरांना बोलावतात, आणि नेता बहुधा इथे उतरतो.

इथेच सगळ्यात जास्त घालवलं जातं. खासदार उठतो, दोन मिनिटं पार्श्वभूमी सांगतो, मतदारसंघातल्या एका गावाचं नाव घेतो, तीन प्रश्न एका दमात विचारतो आणि बसतो. मंत्री तिन्हींतला सोपा निवडतो, खासदारांचं अभिनंदन करतो, त्या गावाची माहिती घेऊन कळवतो म्हणतो, आणि पुरवणी संपते. चांगल्या पुरवणीचं एक वाक्य उत्तराच्या परिशिष्टावर बोट ठेवतं आणि दुसऱ्या वाक्यात एकच प्रश्न असतो, ज्याचं उत्तर आकडा, तारीख, नाव किंवा हो-नाही यांपैकीच काही असू शकतं. 'परिशिष्ट दोनमध्ये विलंबित रक्कम दाखवली आहे आणि व्याजाच्या रकान्यात शून्य आहे. एकाही कंपनीला व्याजाची नोटीस गेली आहे का?' बस्स. दुसरी पुरवणी पहिलीच्या दोन्ही शक्य उत्तरांसाठी आधीच लिहून ठेवायची: 'हो' आलं तर तारीख आणि रक्कम, 'नाही' आलं तर निर्णय कोणत्या पातळीवर झाला. मंत्र्याने बगल दिली तर चिडून नवा विषय काढू नये. पहिलाच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारावा. बगल नोंदीत दोनदा येते, आणि वृत्तांत वाचणाऱ्याला समजायचं ते समजतं.

एक गोष्ट विरोधकांना आवडणार नाही, पण सांगायला हवी. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी अकराला असतो, आणि गोंधळही अकरालाच सुरू होतो. फलक घेऊन मध्यभागी उतरलं की सभागृह बारापर्यंत तहकूब होतं. लेखी उत्तरं तरीही पटलावर ठेवलेली मानली जातात, बुडतात त्या फक्त पुरवण्या. गोंधळाच्या दिवशी कुठल्याही मंत्र्याचं एका पैचंही नुकसान होत नाही. हे रोजचं झालं म्हणून राज्यसभेने २०१४मध्ये प्रश्नोत्तराचा तास अकरावरून बारावर नेला. २०१०चं हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळपास पूर्ण वाया गेलं. समिती २०११मध्ये मिळाली, त्यामुळे अडवणुकीने काहीच मिळत नाही असं म्हणता येत नाही. पण ते हत्यार अधिवेशनात एकदा, एका ठरलेल्या मागणीसाठी चालतं. रोज चाललं की मागणी काय होती तेही लोक विसरतात. २०२०च्या त्या अधिवेशनात सरकारनेच प्रश्नोत्तराचा तास वगळला होता, तेव्हा विरोधकांनी योग्य आरडाओरड केली. तोच तास इतर अधिवेशनांत आपल्या हाताने घालवताना ती आठवत नाही.

तातडीच्या विषयासाठी वेगळी आयुधं आहेत आणि त्यांची निवड चुकली तर मेहनत फुकट जाते. शून्य प्रहरात विषय मांडता येतो, पण मंत्र्यावर उत्तराचं बंधन नाही. नियम ३७७खाली दिलेल्या विषयावर मंत्रालय पत्राने कळवतं. लक्षवेधी सूचनेत मंत्र्याला निवेदन करावंच लागतं आणि नंतर मोजक्या सदस्यांना एकेक स्पष्टीकरण विचारता येतं. मोघम उत्तर मिळालेल्या प्रश्नावर नियम ५५खाली अर्धा तास चर्चा मागता येते, तीन दिवस आधी नोटीस देऊन. ही चर्चा मला सर्वांत दुर्लक्षित वाटते, कारण ती विशिष्ट उत्तराला चिकटलेली असते. नियम १९३च्या चर्चेत मतदान नसतं, १८४मध्ये असतं. सत्ताधारी १९३ला तयार होतात आणि १८४ला नाही, ते याचसाठी. स्थगन प्रस्ताव लोकसभेतच येतो, पन्नास सदस्यांचा पाठिंबा लागतो, आणि त्यात सरकारवर ठपका अभिप्रेत असल्याने तो स्वीकारला जाणं दुर्मिळ.

मणिपूरमधल्या हिंसाचाराच्या वेळी, जुलै २०२३मध्ये, हीच निवड गाजली. राज्यसभेत सरकार नियम १७६खाली अल्पकालीन चर्चेला तयार होतं, विरोधक २६७खाली बाकी कामकाज बाजूला ठेवून चर्चा मागत होते. पंतप्रधान बोलत नाहीत म्हटल्यावर लोकसभेत गौरव गोगोईंनी अविश्वास प्रस्ताव आणला. आकडे विरोधात आहेत हे सर्वांना माहीत होतं, पण अविश्वासाच्या चर्चेला उत्तर पंतप्रधानांनी देण्याची रीत आहे. १० ऑगस्टला ते दोन तासांहून जास्त बोलले. मणिपूरवर ते आले तोवर विरोधक सभात्याग करून गेले होते. आयुध अचूक निवडलं होतं, ते शेवटपर्यंत धरून ठेवलं नाही.

अविश्वासाचं जुनं उदाहरण याहून शिकण्यासारखं आहे. ऑगस्ट १९६३मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास प्रस्ताव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ने पडला. पण त्या चर्चेतून लोकांच्या लक्षात राहिले ते राममनोहर लोहियांचे तीन आणे: सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, हे त्यांचं म्हणणं. नेहरूंनी पंधरा आणे हा आकडा पुढे केला आणि पुढचं भांडण सरकारच्याच आकडेवारीवर आलं. लोहियांनी एक तपासता येईल असा आकडा टाकला, म्हणून सरकारला दुसरा आकडा घेऊन यावं लागलं.

कागद वापरायचे तर नियम नीट माहीत हवेत. नियम ३५३प्रमाणे कोणावर बदनामीकारक आरोप करायचा असेल तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला आधी पुरेशी सूचना द्यावी लागते. ती न देता नाव घेतलं की नियम ३८०खाली तो भाग कामकाजातून काढला जातो आणि वर्तमानपत्रांनाही तो छापता येत नाही. १ जुलै २०२४ला विरोधी पक्षनेते म्हणून राहुल गांधींनी केलेल्या पहिल्या मोठ्या भाषणातले काही भाग असेच वगळले गेले. पटलावर ठेवायचा कागद सदस्याने स्वतः प्रमाणित करायचा असतो, म्हणजे सही करून त्याच्या खरेपणाची जबाबदारी घ्यायची. छायाप्रत कुठून आली हे सांगता येत नसेल तर ती खिशातच ठेवलेली बरी. उलट मंत्र्याने एखाद्या सरकारी कागदातला उतारा वाचला, तर लोकहिताला बाधा येत नसल्यास तो कागद पटलावर ठेवण्याची मागणी नियम ३६८खाली करता येते. हा नियम समाजवादी खासदार मधु लिमयांसारख्यांच्या बोटांवर असायचा. आज तो फार कोणी वापरताना दिसत नाही.

उत्तर चुकीचं निघालं तर बहुतेक जण लगेच हक्कभंगाची नोटीस देतात. त्यात मंत्र्याने जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावं लागतं, आणि तिथे नोटीस अडकते. अध्यक्षांच्या निदेश ११५खाली चूक लेखी निदर्शनास आणण्याची वाट आहे. तिथे हेतू सिद्ध करावा लागत नाही, कागद पुरतो.

मुंदडा प्रकरण सरकारी बाकांवरून उघडं पडलं, हे विरोधकांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. १९५७मध्ये आयुर्विमा महामंडळाने सव्वा कोटीच्या आसपास रक्कम हरिदास मुंदडा या एकाच उद्योगपतीच्या सहा कंपन्यांच्या शेअरमध्ये घातली. आधी लोकसभेत साधे प्रश्न आले, राम सुभग सिंह यांच्यासारख्या काँग्रेसच्याच सदस्यांकडून. उत्तरांनी समाधान झालं नाही, म्हणून १६ डिसेंबरला काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधींनी कागदांनिशी चर्चा लावून धरली. न्यायमूर्ती छागलांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत उघड झाली, आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. १९६९मध्ये काँग्रेस फुटल्यावर लोकसभेला पहिला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता मिळाला, तो हेच राम सुभग सिंह.

प्रश्न विचारून झाल्यावरचं काम रटाळ आहे आणि तिथेच सरकार निसटतं. 'माहिती गोळा केली जात आहे व पटलावर ठेवली जाईल', 'विषय विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालतो' ही वाक्यं आश्वासन धरली जातात. लोकसभेच्या शासकीय आश्वासन समितीकडे ती जातात आणि मंत्रालयाने तीन महिन्यांत पूर्तता करायची असते. जमलं नाही तर मुदतवाढ मागितली जाते, कधी आश्वासनच वगळा अशी विनंती होते. समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते. नेत्याच्या कार्यालयात या वाक्यांची यादी असली पाहिजे: तारीख, प्रश्नाचा क्रमांक, मंत्र्याचे नेमके शब्द, मुदत कधी संपते. पुढच्या अधिवेशनासाठी पाच नोटिसा लिहायला बसताना पहिली याच यादीतून निघते: अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या प्रश्नावर दिलेल्या आश्वासनाची पूर्तता कोणत्या तारखेला झाली, मुदतवाढ किती वेळा मागितली, आणि प्रत्येक वेळी कारण काय दिले?